तारवाचं झाकण

अकोल्याच्या पोरांना जलप्रलयाची गोष्ट सांगून घाबरवता येत नाही, हे मला त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. मी हात पसरून, डोळे वटारून सांगत होतो की चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाणी थांबलंच नाही. आणि समोरची तीस-पस्तीस पोरं चेहऱ्यावर असं सुख घेऊन बसली होती की जणू पंगतीत जिलेबी फिरतेय. ज्या मोहल्ल्यात नळ आठव्या दिवशी येतो आणि अर्धा तास खोकून निघून जातो, तिथं प्रलय म्हणजे वाढदिवसच. मागच्या रांगेतला एक पोट्टा उभा राहिला.

"सर, चाळीस दिवस सलग? मंग मोटर लावाचं कामच नाही ना बाप्पा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोहाच्या काळातल्या बुडालेल्या लोकांचा इतका हेवा जगाच्या पाठीवर कुणी केला नसेल.

मी अमरावतीचा. शाळेत चित्रकला शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन लेकरांना बायबलातल्या गोष्टी सांगतो. माझं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावतं. एक लाकडी फळी, तिच्यावर ताणून बसवलेलं जुनं हिरवं ब्लँकेट, आणि जाड कागदातून कापलेली माणसं, जनावरं, खजुराची झाडं. प्रत्येकाच्या पाठीला पॉलिश पेपरचा तुकडा डकवलेला. तो खरबरीत कागद ब्लँकेटची लव धरतो आणि माणूस फळीवर उभा राहतो. एवढीच जादू. अचलपूरला मी दाविदाच्या गोष्टीतला राक्षस गल्याथ इतका उंच कापला होता की येताना त्याचं मुंडकं एसटीच्या टपावर वेगळं बांधून आणावं लागलं. ऐकणाऱ्यानं यातलं थोडं कमी करून घ्यावं. माझी सवय घरच्यांना ठाऊक आहे, देवालाही ठाऊक असावी. त्या उन्हाळ्यापर्यंत त्या सवयीनं कुणाचं वाईट झालं नव्हतं, म्हणून मी तिला गुण समजत होतो.

अकोल्यात वर्ग सकाळी आठ ते दहा, कारण दहानंतर तिथं ऊन पडत नाही, ते अंगावर बसतं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये एक कूलर होता. तो लावला की ब्लँकेटवरचे संदेष्टे एकेक करून उडायचे, आणि बंद केला की पोरं उडायची. मी संदेष्ट्यांना टाचण्या मारल्या.

तर त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि मला राग आला. गोष्ट सांगणाऱ्याचा राग वाईट. देवाच्या कोपाची गोष्ट आणि पोरं मोटर वाचली म्हणून खूश! मी ठरवलं, आज यांना घाबरवूनच सोडतो.

माझ्याकडचं तारू, म्हणजे नोहाचं घर ज्यात वाचलं ते जहाज, हा गाडीच्या ऑइलचा पाच लिटरचा काळा कॅन होता. एका बाजूनं थोडा कापलेला, तिथून कागदी जनावरं जोडीजोडीनं आत घातलेली, एक नर, एक मादी, आणि वर गोल झाकण. नोहानं तारवाला आतून-बाहेरून डांबर लावलं होतं, म्हणून काळा. पाण्यासाठी पाळकीणबाईंची, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोची, निळी नायलॉनची साडी. खरं पाणी मागायची माझी छाती झाली नाही. दोन पोरींना साडीची टोकं धरायला लावली आणि लाटा उठवत ती हळूहळू वर न्यायला सांगितली. मग मी अकोलाच बुडवायला काढलं. आधी बाजार गेला. मग पूल. बाळापूरचा किल्ला बुरुजांसकट पाण्याखाली. तिकडे बडनेऱ्याच्या स्टेशनात गाडीच्या टपापर्यंत पाणी, आणि अमरावतीत माझ्या घराचा फक्त टीव्हीचा अँटेना दिसतोय, त्याला माझी बायको धरून बसलीय. पोरं अजून हसतच होती.

मग मी कूलर बंद केला. आवाज खाली आणला. कॅनवर बोटांच्या पेरांनी वाजवलं. ठक. ठक. ठक.

"हे बाहेरचे लोक," मी म्हणालो. "दार ठोकून राहिले. 'उघड गं, मी तुझी शेजारीण.' 'उघड रे, मी तुझा मामा.' रडून राहिले. पण आतल्यांनी ओ द्यायची नाही. आवाज सख्ख्या माणसाचा असला तरी नाही. जो ओ देईल, त्याचं तारू तळाला जाईल."

हे बायबलात कुठंच नाही. शपथेवर सांगतो, एक अक्षर नाही. हे मी तिथं उभ्या-उभ्या जोडलं, कारण त्या ठकठकीनं वर्ग एकदम गार पडला होता आणि मला ते गारपण चढलं होतं.

पहिल्या रांगेत सहा-सात वर्षांची एक पोरगी बसायची. दोन घट्ट वेण्या, गुडघे छातीशी घेतलेले. तिनं त्या दिवसात एकदाही टाळी वाजवली नव्हती. तिनं विचारलं, "सर, असंच काळं असते काय तारू?"

"काळं कुळकुळीत. आणि दार असं वरून, गोल."

"अन् पानी कधी येते?"

इथं मला थांबायचं होतं. इथं सांगायचं होतं की बाळा, पाणी उतरलं, कबूतर पान घेऊन आलं, आणि देवानं वचन दिलं की पुन्हा असं कधी करणार नाही. ते सगळं माझ्या पेटीत तयार होतं. पण दहाला पाच कमी होते, आणि गोष्ट अशा जागी तोडली की दुसऱ्या दिवशी पोरं धावत येतात, हा माझा जुना धंदा.

"कधी येते ते कोणाले सांगता येत नाही," मी म्हणालो. "उद्या बी येऊ शकते." आणि कॅनचं झाकण करकरून बंद केलं. "पुढचं उद्या."

पोरं ओरडत बाहेर पळाली. ती वेण्यावाली मात्र कॅनकडे बघत बसून राहिली होती. मी पाहिलं. पाहिलं आणि मनात म्हणालो, वा, जमली आज गोष्ट.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरून सांडला. खिडक्यांत पोरं. माझ्या शर्टाच्या खिशात कबूतर होतं, माझ्या जुन्या बनियनचं कापलेलं, चोचीत हिरव्या कागदाचं पान. पहिल्या रांगेतली जागा रिकामी दिसली. दिसली, पण मी थांबलो नाही. लेकरू आहे, झोपलं असेल. मी कालची ठकठक पुन्हा रंगवायला घेतली. पोरांनी मागितली म्हणून. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं.

पावणेदहाच्या सुमारास दारात एक बाई आली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायांत चिखल. मे महिन्यात अकोल्यात चिखल! वेण्यावालीची आई. सकाळी सहाला लोकांच्या घरी स्वयंपाकाला जायची आणि साडेनऊला परत यायची. नवरा ट्रकवर, तेव्हा नागपूरच्या पलीकडे कुठेतरी. पोरगी आपली आपण उठून, दोन गल्ल्या चालत आमच्या वर्गाला येत असे.

"कुठी हाय ते पोट्टी?" बाई दारातूनच गरजली. "बाहेर काढा तिले! घरचे सारे नळ उघडे टाकून आली. आंगनातला बी, मोरीतला बी. टाकीतलं थेंबभर पानी राहिलं नाही, सारं नालीत! नळ परवा हाय, परवा! आज तिची हाडं नरम करतो मी."

मी म्हणालो, "ती आज आलीच नाही, ताई."

बाईचा हात पुढे आलेला तसाच राहिला. "आली नाही म्हंजे?"

"म्हणजे आली नाही. मला वाटलं घरी आहे."

"अन् मले वाटलं तुमच्यापाशी."

असं एक वाक्य असतं, जे दोन माणसं अर्धं-अर्धं बोलतात आणि मग दोघांच्या मध्ये एक लेकरू नसतं. माझ्या पाठीवरून घाम गेला, तो थंड होता. अकोल्याच्या मे महिन्यात थंड घाम. यात मी काही वाढवलेलं नाही.

आम्ही पळालो. माझं वजन तेव्हा नव्वदच्या वर होतं आणि मी शेवटचा पळालो होतो तो शाळेत असताना, मास्तरांच्या पुढे. पाळकसाहेब मागून स्कूटर काढतो म्हणाले, ती सुरू होईपर्यंत आम्ही पोचलो होतो. दोन खोल्या, पुढे अंगण, स्लॅबची गच्ची, गच्चीला लोखंडी शिडी. अंगणभर ओल, नालीकडे गेलेला पाण्याचा माग. कोपऱ्यात जमिनीतलं टाकं, नळाचं पाणी आधी तिथं पडायचं. त्याचं झाकण अर्धं सरकलेलं.

बाई त्या झाकणाकडे बघून जागच्या जागी बसली. तिनं आत पाहिलं नाही. कुणीतरी दुसऱ्यानं पाहावं म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली.

मी गुडघ्यावर टेकलो. आत अंधार होता आणि तळाशी हातभर पाणी, त्यात माझंच तोंड. एका शेजाऱ्यानं बांबू आणला आणि आत फिरवला. बांबू तळाला लागायचा तो आवाज, खट्, खट्. प्रत्येक खट् आधी माझ्या छातीत व्हायचा, मग टाक्यात. चार कोपरे झाले. काही नव्हतं. बाई उठून ओरडायला लागली. पोरीचं लाडाचं नाव घेऊन, गल्लीच्या या टोकाला, त्या टोकाला. शेजारी निघाले. कुणी शाळेच्या पडक्या विहिरीकडे, कुणी रेल्वेच्या रुळांकडे. रुळांचं नाव निघालं तसा बाईचा आवाज फाटला.

मी अंगणात एकटा उभा.  मला काल वर्ग सुटल्यावरही पहिल्या रांगेत बसून राहिलेली ती दिसत होती. पानी कधी येते? उद्या बी येऊ शकते.

तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी आपटत आली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"ओ भाऊ, इथी काय मेळा भरला? माया कोंबड्यायले कोनं हात लावला? दोन कमी हायेत."

"दोन?" मी विचारलं.

"एक कोंबडा, एक कोंबडी. चोर बी मोठा हिशेबी दिसते. जोडी घेऊन गेला!"

जोडी.

मी मान वर केली. गच्चीच्या काठावर टाकीचा वरचा भाग दिसत होता. काळा कुळकुळीत. दार वरून, गोल.

मी कुणाला हाक मारली नाही. मारायला हवी होती, पण हाक म्हणजे बोलणं, आणि बोलणं म्हणजे ते कबूल करणं. शिडीचं लोखंड तव्यासारखं तापलेलं होतं. माझे तळवे अजून साक्ष देतात, तिथं चार दिवस फोड होते. प्रत्येक पायरीला शिडी कण्हत होती. मी देवाशी बोलत होतो, पण ती प्रार्थना नव्हती. मी त्याला सांगत होतो, ते मी वाढवलं होतं, तू तसं म्हणाला नव्हतास, तिला माहीत नाही.

गच्चीवर सूर्य आणि मी. टाकी लहानशी, माझ्या कमरेच्या थोडी वर, आणि खालचे सारे नळ उघडून रिकामी केलेली. शेजारी एक स्टूल, त्यावर दोन विटा. झाकण नीट बसवलेलं. आतून ओढून.

खाली तिच्या आईच्या हाका चालू होत्या. इतक्या जवळून, की टाकीतल्या माणसाला ऐकू न जाणं शक्य नव्हतं. आणि टाकी गप्प होती. तेव्हा मला खरी भीती कळली. ती ओ देत नव्हती याचे दोनच अर्थ होते. एक माझ्या शिकवणीचा. दुसरा मी अजूनही तोंडावर आणत नाही.

माझा हात ठोकायला वर गेला. हवेतच थांबला. बाहेरचे लोक ठोकतात. काल मीच ठोकलं होतं, आज सकाळीही.

मी झाकण उचललं. आतून भट्टीसारखी वाफ आली आणि वाफेमागून कोंबडा, थेट माझ्या तोंडावर. मी असा किंचाळलो की म्हणे रुळांपर्यंत गेलेले लोक परत फिरले. कोंबडा माझ्या डोक्यावर पाय देऊन गच्चीवरून उडाला. मग मी पुन्हा आत वाकलो.

ती तळाशी उकिडवी बसली होती, घोट्याएवढ्या कोमट पाण्यात. एका हातानं कोंबडी छातीशी दाबलेली. चेहरा लाल, ओठ पांढरे, वेण्या गळ्याला चिकटलेल्या. डोळे उघडे. माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बाळा, ये. हात दे."

तिनं मान हलवली. नाही. मी हात आत घातला. माझा दंड त्या गोलात जेमतेम गेला. ती मागे सरकून भिंतीला टेकली. खालून आईची हाक आली, आता ती हाक राहिली नव्हती, नुसतं रडणं होतं. पोरीनं कोंबडी सोडली आणि दोन्ही हातांनी कान झाकले. डोळ्यांतून पाणी धो-धो, पण तोंडातून सूंसुद्धा नाही. सहा वर्षांचं लेकरू आपल्या आईला रडताना ऐकून ओ देत नव्हतं, कारण एका चित्रकलेच्या मास्तरनं तिला तारू बुडेल म्हणून सांगितलं होतं.

तिची मान एकदा कलली. पुन्हा सावरली. वेळ नव्हता.

मी काय बोलणार? बाहेरच्याचं ऐकायचं नाही, असं मीच तर सांगून ठेवलं होतं. मी खिशात हात घातला आणि कबूतर काढलं. बनियनचं, घामानं ओलं झालेलं, एक पंख मुडपलेला. ते दोन बोटांत धरून गोलातून आत सोडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे हलवलं.

तिनं ते चोचीपासून पंखापर्यंत पाहिलं.

"हे काय?"

"कबूतर."

"कोंबडीच हाय," ती म्हणाली. आणि लगेच तोंडावर हात. तिचे डोळे असे मोठे झाले की मला त्यात बुडताना मीच दिसलो. "सर, मी बोलली. आता बुडन काय?"

"नाही. नाही बुडत." मी म्हणालो. "ते मी खोटं सांगितलं होतं. गोष्टीत तसं नाही. मायनं हाक मारली की ओ द्यायची. ते ठोकणं, ते गप्प बसणं, सारं मी जोडलं होतं."

"अन् पानी?"

"पाणी उतरलं. हे बघ, त्याच्या चोचीत पान आहे. जमीन सुकली म्हणूनच ना पान मिळालं? आणि देव म्हणाला, पुन्हा कधीच नाही. कधीच."

तिनं कागदाचं पान बोटानं दाबून पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मग हात वर केला.

तिला कसं ओढलं ते आठवत नाही. माझा खांदा पुढे महिनाभर दुखत होता. तेवढ्यात आई वर आली होती, आणि पोरगी तिच्या खांद्यावर पडल्या-पडल्या म्हणाली, "ओ." नुसतं एवढंच. "ओ, माय. ओ." राहिलेल्या सगळ्या हाकांना एकेक.

घरात पाणी नव्हतं. नळाचा दिवस परवा, प्रत्येकाचा ड्रम तळाला लागलेला. तरी बायका तांबे, बाटल्या, अर्ध्या कळश्या घेऊन आल्या. ओलं फडकं, मीठ-साखर-लिंबू. कोंबड्यांवाल्या म्हातारीनं माठ अख्खा आणला आणि वर म्हणाली, "कोंबडा मिळाला का वो पन?" पाळकसाहेबांची स्कूटर तेव्हा सुरू झाली, दवाखान्यात न्यायला. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, किती वेळ होती आत? कुणालाच माहीत नव्हतं. ते म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता, आणि पुढचं बोलले नाहीत. मी गोष्ट अशा जागी तोडणाऱ्यांत मोडतो, पण तो तुटका शब्द मला पूर्ण ऐकू आला.

संध्याकाळी पोरगी घरी आली, भात खाल्ला, झोपली. मी अंगणात उभा होतो. पाया पडावं की पळून जावं, ठरत नव्हतं. आई शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती पायरीवर बसून चिखल वाळलेले पाय पुसत होती.

"सर, तुमी गोष्ट अर्धी काहून सोडली?"

माझ्याकडे या प्रश्नाला डझनभर उत्तरं होती. वेळ संपली, घंटा झाली, पद्धतच आहे. मी खरं ते सांगितलं. "उद्या पोरं यावी म्हणून."

तिनं दुसरा पाय पुसायला घेतला. मग म्हणाली, "माई पोट्टी त आलीच असती."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी साडी घेतली नाही, कॅन घेतला नाही. फक्त कबूतर लावलं ब्लँकेटवर आणि शेवट आधी सांगितला. पोरं कंटाळली. मागचा पोट्टा म्हणाला, "सर, आज मजाच नाही आली." वेण्यावाली पहिल्या रांगेत होती, आईच्या मांडीवर. आई कामाचं एक घर सोडून आली होती. दहा वाजेपर्यंत तिनं माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. मी एकही शब्द वाढवू शकलो नाही.

गोष्टी मी अजून सांगतो. गल्याथ पुन्हा वाढायला लागलाय, ते खोटं बोलणार नाही. पण बडनेऱ्याहून गाडी अकोल्यात शिरते तेव्हा दोन्ही बाजूंच्या गच्च्या दिसतात, आणि प्रत्येक गच्चीवर एक काळी टाकी. शेजारचा प्रवासी उतरायची तयारी करत असतो, आणि मी खिडकीला नाक लावून झाकणं बघत असतो. एखादं नीट बसवलेलं दिसलं की गाडी थांबेपर्यंत माझे तळवे भाजत राहतात.